शेजारचा माणूस गप्प बसतो तेव्हा

पत्र:
ताई, माझं वय 46. आठ महिन्यांपासून गाडी शिकतेय. शिकवणीचे 32 तास झाले. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, पण प्रत्यक्ष गाडी चालवायच्या परीक्षेत दोनदा नापास. पहिल्या वेळी चढावर गाडी मागे घसरली. दुसऱ्या वेळी चढ निभावला, तर सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले, घाबरून सुरू केली तर परत बंद पडली आणि मग घाईघाईत मी न बघताच लेन बदलली. शिकवणारे सर शेजारी असले की हे सगळं जमतं. ते ओरडतात, पण त्यांच्यामुळेच जमतं असं वाटतं. परीक्षक बसला की हातपाय गार पडतात. मुलगा 19 वर्षांचा आहे, तो पंधरा दिवसांत शिकला. नवरा म्हणतो, ‘आता कशाला? मी सोडतो ना हवं तिथे.’ माझ्या वयाला हे जमायचं का? ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर ती पळवाट ठरेल का? आणि ही माझी तिसरी वेळ आहे हे परीक्षकाला आधीच सांगून टाकू का?
— शेजारच्या सीटवरची

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली: ‘शिकवणारे सर शेजारी असले की हे सगळं जमतं.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. वय, भीती, गार पडलेले हातपाय यांना जास्त जागा दिलीय. मला विचाराल तर सगळी गोम त्या एका वाक्यात आहे.

तुमचा शिकवणीचा एक तास डोळ्यांसमोर आणा. ‘क्लच दाबा. दुसरा टाका. सोडा, हळू, हळू! आरसा बघितला का? थांबा, थांबा, थांबा!’ सरांचा आवाज येतो आणि तुमचे हातपाय त्याबरहुकूम हलतात. त्यात शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, बऱ्याच गाड्यांत क्लचही असतो. गाडी बंद पडणार असं त्यांना तुमच्याआधी कळतं. त्यांचा पाय अलगद पुढे सरकतो, गाडी वाचते आणि तुम्हाला वाटतं, जमलं.

हे मी अनुभवाने सांगतेय. मला शिकवणाऱ्या गृहस्थांच्या बुटाला एक खोड होती, पाय दाबला की तो चर्र वाजायचा. महिनाभर मी खुशीत होते की माझा ब्रेक किती मऊ लागतो. एके दिवशी ते चपला घालून आले. आवाज आला नाही, आणि पायाचा सराव नसल्यामुळे त्यांनी दाबलंही उशिरा. पुढची गाडी इतकी जवळ आली की तिच्या नंबरप्लेटवरचे स्क्रू मला मोजता आले. त्या दिवशी कळलं, महिनाभर माझा ब्रेक त्यांचा उजवा बूट लावत होता.

तेव्हा 32 तास तुम्ही गाडी चालवली असं न म्हणता दोघांनी मिळून चालवली असं म्हणू. परीक्षेत यातला एक जण गप्प बसतो. परीक्षक ‘पुढे डावीकडे वळा’ एवढं बोलतो आणि कागदाकडे बघतो. आता क्लच कधी, आरसा कधी, मागचा सायकलवाला कुठे गेला, हे कोणी सांगत नाही. त्या शांततेत हातपाय गार पडतात. याला तुम्ही भित्रेपणा म्हणताय. मला तरी ती हुकूम यायची वाट बघत थांबलेल्या माणसाची अवस्था वाटते.

म्हणून तिसऱ्या परीक्षेची तारीख आत्ताच घेऊ नका. घेतली असेल तर पुढे ढकलता येते का बघा. आधी सरांना गप्प बसवायचं आहे.

पुढच्या तासाला गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवायच्या आधीच सांगा: ‘सर, आज तुम्ही परीक्षक. कुठे वळायचं तेवढंच सांगा. धोका दिसला तर ब्रेक मारा, पण बोलू नका. आणि तास संपला की तुमचा पाय किती वेळा पेडलवर गेला ते मला सांगा.’ चांगला शिक्षक खूश होईल. कुरकुर करणारा असेल तर फी तुम्ही भरताय, हे मनात ठेवा. तो आकडा ऐकून वाईट वाटेल. वाटू दे. आठ महिन्यांत तुमच्या गाडी चालवण्याबद्दल मिळालेली ती पहिली खरी माहिती असेल. दर तासाला तो आकडा वहीत लिहा. एकही हुकूम नाही आणि एकदाही पाय नाही असे सलग तीन तास गेले की तारीख घ्यायची. तोवर नाही.

सर गप्प झाले की त्या जागी कोणीतरी बोलायला हवं. तिथे तुम्ही बोला. खरंच, मोठ्याने. ‘सिग्नल हिरवा आहे, पण मी दिसल्यापासून हिरवाच आहे, म्हणजे बदलेल, पाय तयार. उभ्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली पाय दिसतायत, कोणीतरी बाहेर येणार. मागचा जवळ चिकटलाय, ब्रेक लवकर आणि हलका.’ काही देशांत पोलिसांच्या ड्रायव्हरांना असंच बोलत गाडी चालवायला शिकवतात. बोलायचं तर आधी बघावं लागतं, आणि जे तोंडातून येत नाही ते तुम्ही बघितलेलं नसतं, हे लगेच उघडं पडतं. पहिल्या दिवशी दोन वाक्यांत दम लागेल. तोंड गाडीच्या मागे पडेल, आपण ओलांडून आलेल्या गोष्टींबद्दल बोलत राहाल. चालेल. आठवडाभरात तोंड गाडीच्या पुढे जायला लागतं.

याचा सराव करायला गाडी चालवावीही लागत नाही. तुम्ही स्वतःला ‘शेजारच्या सीटवरची’ म्हणवता ना? मग ती सीट वापरा. नवरा सोडायला येतो म्हणतोय तर येऊ दे. तो चालवत असताना पुढचे दोन चौक तुम्ही मनात चालवा: आता मी गिअर उतरवला असता, आता आरसा बघितला असता. मनातल्या मनात हं. मोठ्याने केलंत तर घरात वेगळीच परीक्षा सुरू होईल.

आता ओरडण्याबद्दल, कारण तुम्ही ते फारच समजूतदारपणे सोडून दिलंय. 1908 साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. समोर दोन खोकी, एक काळं, एक पांढरं. उंदराने पांढऱ्यात जायचं, काळ्यात गेला की विजेचा झटका. दोन्हींतला फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोरदार तितका उंदीर लवकर शिकला. पण उजेड कमी-जास्त करून तोच फरक ओळखायला अवघड केला, तेव्हा जोरदार झटक्याने शिकणं मंदावलं आणि मध्यम झटका सरस ठरला. उंदरांवरून माणसांवर फार उड्या मारू नयेत, पण गाडी शिकणं अवघड खोक्यांपैकी आहे हे कोणीही मान्य करेल. क्लच, आरसे, मागचा हॉर्न आणि समोर रस्ता ओलांडणारा माणूस, हे सगळं एका वेळी सांभाळणाऱ्याच्या कानात कोणी ओरडत असेल तर त्याचं लक्ष रस्त्यावरून उठून ओरडणाऱ्यावर जातं. सरांना हे नीट शब्दांत सांगा. नाही ऐकलं तर सर बदला. त्यात कृतघ्नपणा काही नाही.

आता क्लच. दोन्ही परीक्षांत पहिली ठेच तिथेच लागली आहे.

तुम्हाला ‘क्लच हळू सोडा’ असं शेकडो वेळा सांगितलं गेलं असेल. हा सल्ला अर्धाच आहे. इंजिन फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. क्लच म्हणजे त्या दोघांच्या मधली घर्षणाची चकती. पेडल पूर्ण दाबलेलं असतं तेव्हा चकती मोकळी असते. सोडायला लागलं की एका जागी ती फिरत्या भागाला टेकते, घासते आणि चाकांना ओढायला लागते. हा हाफ क्लचचा बिंदू. त्याच्या खालचा पेडलचा प्रवास रिकामा असतो, तिथे भराभर सोडलं तरी काही बिघडत नाही. त्याच्या वरचाही बराचसा रिकामाच. हळू जायचंय ते फक्त मधल्या बोटभर जागेत. बहुतेक नवशिके उलटं करतात. सुरुवातीला जपून जपून सोडतात, आणि नेमकी चकती टेकायला लागली की पाय थकतो, धीर सुटतो आणि पेडल उसळतं. थांबलेल्या चाकांचा सगळा भार इंजिनावर एकदम येतो आणि ते गुदमरून बंद पडतं.

तो बिंदू पायाने ओळखायचा आहे. एखादं सपाट, मोकळं आवार शोधा. गाडी सुरू, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, हँडब्रेक सोडलेला. टाच जमिनीवर टेकवा आणि क्लच वर येऊ द्या. आधी कान सांगतील: इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, जड होतो. मग स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. मग बॉनेटचं टोक जेमतेम उचलल्यासारखं होतं आणि गाडी गोगलगायीसारखी सरकते. तिथेच पाय गोठवा. तीन आकडे मोजा. क्लच पूर्ण दाबा, थांबा, पुन्हा. हे वीस वेळा करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. मध्ये बूट बदलू नका. जाड तळव्याच्या बुटाला हा निरोप उशिरा पोहोचतो. परीक्षेलाही तेच पायात असू देत.

परीक्षा कोणत्या गाडीवर आहे तेही विचारून ठेवा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही जोर लावतं, त्यामुळे नुसत्या क्लचवर बिनतक्रार निघतं. पेट्रोलच्या लहान गाडीला तेवढ्यावर भागत नाही, तिला ॲक्सिलरेटरचा थोडा आधार लागतो. डिझेलवर शिकून पेट्रोलवर परीक्षा दिलेली कितीतरी माणसं ‘मला गाडी येतच नाही’ म्हणत घरी गेलीत. आणखी एक छुपी गोष्ट: बऱ्याच नव्या गाड्या चढावर निघताना दोनेक सेकंद स्वतःच ब्रेक धरून ठेवतात. शिकवणीच्या गाडीत ही सोय असेल आणि परीक्षेच्या गाडीत नसेल, तर तुमच्या पहिल्या परीक्षेचं कोडं इथेच सुटायची शक्यता आहे.

चढ चढण्याच्या बाबतीत तर गाडीचा इतिहासही तुमच्याच बाजूने आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभरेक किलोमीटर. मोटारीतून एवढा लांब प्रवास तोवर कोणी केला नव्हता. तेव्हा ती 39 वर्षांची होती. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. पण चढ आला की उतरून गाडी ढकलावी लागे, कारण इतका जोर लावणारा खालचा गिअरच त्या गाडीत नव्हता. तो नंतर बसवला गेला. तुमच्या गाडीत तो पहिल्यापासून आहे. म्हणजे चढावर काही वेगळी कला लागत नाही, आत्ता सपाटीवर केलं तेच हँडब्रेकच्या जोडीने करायचं.

हँडब्रेक ओढलेला, बटणावर अंगठा. पहिला गिअर. आवाज थोडा चढेल इतका ॲक्सिलरेटर, आणि तो तिथेच स्थिर. क्लच बिंदूपर्यंत वर. चढावर खूण अधिक स्पष्ट मिळते. गाडी पुढे जायची धडपड करते, हँडब्रेक तिला मागून धरून ठेवतो आणि या ओढाताणीत गाडी जागच्या जागी अंग आवळल्यासारखी होते. हे जाणवेपर्यंत हँडब्रेकला हात लावायचा नाही, मागे शंभर गाड्या का उभ्या असेनात. जाणवलं की हँडब्रेक सावकाश खाली. गाडी मागे जाऊच शकत नाही, कारण ती आधीपासून पुढे ओढतेय. घसरते ती हँडब्रेक आधी आणि क्लच नंतर सोडणाऱ्याची. माझी पैज आहे की तुमचंही तसंच झालं असणार.

आता सिग्नलचा प्रसंग. गाडी बंद पडली म्हणून नापास झाले, असा तुमचा समज दिसतो. मला शंका आहे. गुण देण्याची पद्धत जागोजागी वेगळी असते, ती तुमच्याकडची वाचून घ्या. निकालाचा कागद मिळत असेल तर मागा आणि शब्दन् शब्द वाचा. पण बहुतेक ठिकाणी गाडी बंद पडली आणि चालकाने ती शांतपणे, कोणाला धोका न होता पुन्हा सुरू केली, तर तो तेवढ्यावर घरी जात नाही. न बघता लेन बदलणारा मात्र जवळपास सगळीकडे जातो, आणि जायलाच हवा. कारण बंद पडलेली गाडी जागच्या जागी उभी असते, आणि न बघता सरकलेली गाडी कोणाच्या तरी अंगावर जाते. परीक्षक नेमका हा फरक बघायला बसलेला असतो.

म्हणजे तुम्हाला पाडलं ते बंद पडल्यानंतरच्या घाईने. त्या दहा सेकंदांची तालीम करून ठेवायची. मुद्दाम गाडी बंद पाडा. हो, मुद्दाम, रिकाम्या आवारात, तासाला पाच-सात वेळा. बंद पडली की पायाचा ब्रेक, हँडब्रेक, क्लच पूर्ण खाली, गिअर न्यूट्रलला, किल्ली. सुरू झाली की एक पूर्ण श्वास. मग पहिला गिअर, आणि निघायच्या आधी तिन्ही आरसे पुन्हा नव्याने, कारण मघाशी बघितलेलं जग आता तिथे नाही. दुसऱ्यांदा बंद का पडली असेल? एक तर क्लच तसाच सोडून किल्ली फिरवली असेल, नाहीतर आधीच्या धक्क्याने थरथरणाऱ्या पायाने पुन्हा पेडल उसळवलं असेल. हा क्रम अंगात मुरला की दुसरी वेळ येत नाही.

मागून हॉर्न वाजवणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यातला प्रत्येक जण कधीतरी सिग्नलला अडकून बंद पडलेला आहे. त्यांना आता ते आठवत नाही, इतकंच. त्यांना तुमचे चार सेकंद हवे असतात. द्यायचे की नाही हे तुमच्या हातात आहे. परीक्षेत तर देऊच नका.

आरशांबद्दल थोडं. गाडीत बसल्या बसल्या आतला आरसा असा लावा की मागची काच चारी कोपऱ्यांसकट त्यात मावेल. बाहेरच्या आरशांत आपल्याच गाडीची बारीकशी कड दिसली पाहिजे आणि क्षितिज मधोमध आलं पाहिजे. एवढं करूनही बाजूला एक पट्टा उरतो जो कुठल्याच आरशात येत नाही. तिथे अख्खी मोटरसायकल लपते. खोटं वाटत असेल तर उभ्या गाडीत बसा आणि मुलाला बाहेर मागून पुढे हळूहळू चालत यायला सांगा. एका जागी तो आरशातून नाहीसा होईल, तरी डोळ्यांच्या कोपऱ्यात अजून आलेला नसेल. ती जागा एकदा बघितली की खांद्यावरून मान वळवायला कोणी सांगावं लागत नाही. क्रम असा: आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर, मग स्टिअरिंग. नुसती बुबुळं फिरवण्यापेक्षा मानही जरा वळू द्या. परीक्षकाला तुमची मान दिसते, डोळ्यांत काय चाललंय ते दिसत नाही.

रिव्हर्स आणि पार्किंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे ते बरं चाललं असावं. एकच सांगते: रिव्हर्समध्ये मागचा भाग आत वळतो तेव्हा पुढचं नाक विरुद्ध बाजूला बाहेर झुकतं, आणि सगळे नेमके त्याला विसरतात.

वयाचं विचारलंत. मुलगा पंधरा दिवसांत शिकला ते हात आणि पाय. तेवढं 19 व्या वर्षी चटकन येतं, मान्य. रस्त्याचा अंदाज पंधरा दिवसांत कोणालाच येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात 5 ते 29 वर्षं वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. तेव्हा मुलाचा हेवा करण्याऐवजी जरा काळजी करा आणि त्याला एक गणित घाला. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. समोर काही आलं हे कळून ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद धरा, तेवढ्यात 10 मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक लावून थांबायला साधारण 10 मीटर. एकूण 20. आता वेग दुप्पट करा, 72. एकूण किती? तो 40 म्हणेल. उत्तर 60 च्या घरात जातं, कारण वेग दुप्पट झाला की पहिले 10 मीटर दुप्पट होतात, पण ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. रस्ता ओला असेल तर याहून वाढतं. वेगाची तुम्हाला वाटणारी धास्ती हे तुमच्या अंगाने परस्पर सोडवलेलं गणित आहे. ती पूर्ण घालवू नका.

उशिरा शिकणाऱ्याला तास जास्त लागतात, हे खरं. लागू देत. तुम्ही आधीच आठ महिने टिकलात. माझ्या ओळखीत दोन वेळा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा शिकवणीला गेलेली माणसं मोजकीच आहेत.

ऑटोमॅटिक ही पळवाट नाही. क्लच हे यंत्राचं एक काम आहे, ते यंत्रानेच केलं तर कोणाचं काही जात नाही. पण दोन गोष्टी बघून मग ठरवा. एक, बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना फक्त ऑटोमॅटिकपुरता मिळतो. तुमच्याकडे काय नियम आहे आणि घरातली गाडी कोणती आहे ते बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: लेन बदलताना न बघणं ऑटोमॅटिकने सुटत नाही. क्लचवरचा भार उतरून डोळे मोकळे होतील एवढंच. म्हणून आधी महिनाभर वर सांगितलेला सराव याच गाडीवर करा. तरीही डावा पाय ऐकत नसेल तर खुशाल ऑटोमॅटिक घ्या, आणि तो पाय आखडून बाजूला ठेवा. सवयीने क्लच समजून त्याने ब्रेक दाबला की सगळे पुढच्या काचेवर. ब्रेकवरचा पाय काढताच गाडी आपोआप पुढे सरकते, त्याचीही सवय करून घ्यावी लागेल.

नवऱ्याचं ‘मी सोडतो ना’ प्रेमाने म्हटलेलं आहे असं धरून चालू. त्याला वाद घालून पटवायच्या फंदात पडू नका. शिकाऊ परवान्यावर शेजारी कोणाला बसवता येतं याचा तुमच्याकडचा नियम बघा. त्यात तो बसत असेल तर रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना अर्धा तास त्याला शेजारी बसवा. अट एकच, सरांना घातलेलीच: बोलायचं नाही. नवरा शेजारी गप्प बसलेला असताना तुम्ही शांतपणे गाडी चालवू शकलात, तर परीक्षक फारच सोपा वाटेल. त्याला गप्प बसणं जमलं नाही, तर त्या अर्ध्या तासावर भांडण न करता पुढचा रविवार मैत्रिणीला द्या.

परीक्षेच्या दिवशी तासभर आधी शिकवणीच्या गाडीत वीस मिनिटं चालवून घ्या, पाय गरम होतात. सीट आणि आरसे स्वतःच्या मापाने लावायला पूर्ण वेळ घ्या, परीक्षक घड्याळ बघत असला तरी. सूचना नीट ऐकू आली नाही तर पुन्हा विचारा, त्याचे गुण जात नाहीत. वळायचं सांगितलेलं वळण चुकलं, तर ऐन वेळी गाडी वळवू नका, सरळ जा. तो दुसरा रस्ता सांगेल. तो तुमची वाट पाठ आहे का हे बघायला आलेला नसतो. आणि मध्येच त्याने कागदावर काही लिहिलं तर ते काय असेल याचा विचार सुरू होईल. त्या क्षणी मनातलं बोलणं पुन्हा सुरू करा: समोर काय, मागे काय, आता काय होईल. तोंडाला काम असलं की मन कागदाकडे जात नाही. मोठ्याने बोलायचं असेल तर सुरुवातीलाच त्याला विचारून घ्या. बहुतेकांची ना नसते.

राहता राहिला तिसऱ्या वेळेचा प्रश्न. आपण होऊन सांगू नका. त्याच्यापुढचा कागद कोरा असतो, त्यावर आपल्या हाताने आधीच काही लिहू नये. विचारलंच तर ‘तिसरी’ म्हणा आणि किल्ली फिरवा. मी पहिल्या परीक्षेत परीक्षकाला माझ्या भीतीची कर्मकहाणी निघायच्या आधीच ऐकवली होती. तो भला माणूस मान डोलावत होता आणि मी बोलण्याच्या भरात हँडब्रेक अर्धवट ओढलेला ठेवून अख्खा फेरा मारून आले. गाडी जड का लागतेय, याचं कारण मला वाटलं, माझं नशीब.